डच लोक जगभर गेले, मग ते दिसत का नाहीत?

पाणकणीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली चौदा वर्षे मी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, टोरांटोच्या उत्तरेला राहतो. आमच्या शेजारचे आजोबा मूळचे डच आहेत, हे कळायलाच मला तीन वर्षे लागली. कारण त्यांच्या बोलण्यात, कपड्यांत किंवा घराच्या ठेवणीत डच म्हणावे असे मला काहीच आढळले नव्हते. गेल्या महिन्यात त्यांचे गॅरेज आवरायला मदतीला गेलो, तेव्हा मागच्या भिंतीशी एक प्रचंड लाकडी पेटारा दिसला. बर्फ ओढायची फावडी, जुने टायर आणि कांद्याचे अर्धे पोते असे सामान त्यात पडून होते. बाजूच्या फळ्यांवर काळ्या रंगाने लिहिलेले त्यांच्या वडिलांचे आडनाव आणि त्याखालचे ‘हॅलिफॅक्स’ हे बंदराचे नाव अजून स्पष्ट वाचता येते. १९५२ साली, आजोबा दहा वर्षांचे असताना, आईवडील आणि आठ मुले यांचा सगळा संसार त्या पेटाऱ्यात भरून बोटीने इकडे आला होता.

त्यानंतर थोडे वाचन केले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे वीस वर्षांत जवळपास पाच लाख माणसांनी नेदरलँड्स सोडले. त्यांतले दीड लाखाहून अधिक कॅनडात आले, तितकेच ऑस्ट्रेलियात गेले आणि उरलेले अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांत विखुरले. १९५० साली त्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती, म्हणजे दर विसांतला एक माणूस उठून गेला.

माझे प्रश्न दोन आहेत. सुपीक जमीन आणि व्यापाराची एवढी जुनी परंपरा असलेल्या देशातून इतकी माणसे का निघाली? आणि निघाली तर ती गेली कुठे? टोरांटोत इटालियन, पोर्तुगीज आणि ग्रीक वस्त्या पाट्यांसकट दिसतात. डचांची मात्र एक गल्लीही मला सापडलेली नाही. जाणकारांनी लिहावे.

ताकभात

ज्या लोकांचे नाव इंग्रजीत टीटीएमएमला कायमचे चिकटले आहे, त्यांनी वेगळी गल्ली वसवली नाही यात नवल ते काय? पाटीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत झाले नसेल. आता गंभीर मंडळींनी पुढे यावे, मी मागच्या बाकावर बसलो आहे.

सुतारपक्षी

पेटाऱ्याचे लाकूड कोणते आहे, सांधे खिळ्यांचे आहेत की स्क्रूचे, आणि मापे काय आहेत, हे कृपया लिहावे. दहा माणसांचा संसार त्यात मावला असेल, तर तो कसा रचला होता हे मापांवरूनच कळेल.

दुर्बीण

पाणकणीस, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की ती माणसे नुसती निघाली नाहीत, त्यांच्या सरकारने त्यांना निघायला सांगितले. १९५० च्या नववर्षदिनी पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी केलेल्या भाषणाचा आशय असा होता की, मागील शतकांप्रमाणेच आपल्या जनतेतील काहींनी स्वतःच्या देशापेक्षा मोठ्या भूप्रदेशांत भवितव्य शोधण्याचे धाडस केले पाहिजे. एखाद्या पंतप्रधानाने आपल्याच नागरिकांना परदेशाची वाट दाखवावी, हे आज विचित्र वाटते; परंतु त्या वेळची परिस्थिती पाहिली म्हणजे त्यामागचा हिशेब कळतो. पाच वर्षांच्या जर्मन ताब्याने देश खंगलेला होता. घरांची एवढी टंचाई होती की लग्न झालेली जोडपी वर्षानुवर्षे आईबापांच्या घरातल्या एका खोलीत राहत. ज्या इंडोनेशियाच्या उत्पन्नावर आणि नोकऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या भिस्त होती, त्याच्यावरचे सार्वभौमत्व २७ डिसेंबर १९४९ रोजी सोडावे लागले होते. त्यात जन्मदर युरोपातल्या चढ्या जन्मदरांपैकी, आणि शेतजमीन तर इंचाइंचाने मोजून घेण्याइतकी कमी. शेतकऱ्याला पाच मुलगे असले तर एकाला शेत मिळे आणि बाकीच्या चौघांनी काय करायचे हा प्रश्न उरे. आपल्याकडे अशा वेळी वाटण्या होऊन सातबाऱ्यावर दहा नावे चढतात. तिकडे शेत सहसा तोडत नसत, माणूस तोडत.

१९४८ मधल्या एका जनमत चाचणीत जवळपास एक तृतीयांश लोकांनी देश सोडायची तयारी दाखवली होती. जून १९४७ मध्ये ‘वॉटरमन’ हे जहाज शेतकरी कुटुंबे घेऊन माँट्रियलला लागले आणि ओघ सुरू झाला. १९५२ हे सर्वांत भरतीचे वर्ष होते. त्या एका वर्षात ४८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि तुमचे आजोबा त्यांतलेच एक. परकीय चलनाच्या टंचाईमुळे सुरुवातीच्या काळात देशाबाहेर पैसा फारसा नेता येत नसे, परंतु सामान नेता येत असे; म्हणून लोकांनी असेल नसेल ते पैसे सामानात घातले. तो पेटारा एवढा मोठा असण्याचे कारण हेच आहे.

या प्रकरणातला खरा विनोद पुढचा आहे. १९५९ साली ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला, कारखानदारी वाढली आणि जो देश दहा वर्षांपूर्वी जास्तीची माणसे बोटीत बसवून देत होता, त्याला माणसे पुरेनाशी झाली. १९६४ साली तुर्कस्तानशी आणि १९६९ साली मोरोक्कोशी करार करून त्यांनी कामगार आणले. पोटची पोरे परदेशी पाठवून गडी बाहेरून बोलावण्याचा हा प्रकार जेमतेम पंधरा वर्षांच्या अंतराने घडला.

केपकर

दुर्बीण यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण धाग्याचे शीर्षकच मला मान्य नाही. डच दिसत नाहीत असे म्हणणाऱ्याने एकदा केपटाऊनला यावे. मी तिथे सात वर्षे काढली. तिथल्या लक्षावधी लोकांच्या तोंडी असलेली आफ्रिकान्स ही भाषा डचमधूनच निघाली आहे आणि १९२५ पासून तिला अधिकृत भाषेचा दर्जा आहे.

यान व्हान रीबेक १६५२ साली केपला उतरला तो वसाहत करायला नव्हे, तर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना ताजे पाणी, भाजीपाला आणि मांस पुरवायला. पुढे १६५७ साली कंपनीने आपल्याच काही नोकरांना करारातून मोकळे करून जमिनी दिल्या. ते ‘मुक्त नागरिक’ म्हणजे तिथल्या वसाहतीचे बीज. १६८८ साली फ्रान्समधून पळालेले ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, आले, जर्मन तर सतत येतच होते, आणि या सगळ्यांच्या घरांत आणि मळ्यांत राबायला गुलाम होते. त्या गुलामांतले पुष्कळ जण बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. आन्सेला व्हान बेंगाले, म्हणजे ‘बंगालची आन्सेला’, ही १६५७ च्या सुमारास गुलाम म्हणून रीबेकच्या घरी आली, १६६६ साली मुक्त झाली, १६६९ साली तिने एका युरोपीय माणसाशी लग्न केले आणि आज स्वतःला अस्सल आफ्रिकानर म्हणवणाऱ्या कितीतरी घराण्यांची वंशावळ तिच्यापाशी जाऊन पोहोचते.

भाषेचेही तसेच आहे. आफ्रिकान्समध्ये केळ्याला ‘पिसांग’ म्हणतात आणि ‘पुष्कळ’ला ‘बाये’; हे दोन्ही शब्द मलाय आहेत. केपच्या मुसलमानांनी तर ही भाषा अरबी लिपीत लिहिली आणि तिच्या सर्वांत जुन्या लेखनात त्यांच्या वह्यांची गणना होते. त्यामुळे ‘डच स्थलांतर’ म्हणताना फक्त गोऱ्या शेतकऱ्यांच्या पेटाऱ्याचा विचार करू नये. त्याच कंपनीच्या जहाजांच्या तळाशी मनाविरुद्ध नेलेली माणसेही होती.

वेंगुर्ल्याची बाय

केपकर, तुमचा शेवटचा परिच्छेद फार आवडला. माझे माहेर वेंगुर्ल्याचे. आमच्याकडे डचांची वखार आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती उभ्या आहेत, छप्पर कधीच गेले आहे आणि वडापिंपळांची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरली आहेत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायला जायचो आणि आजी ओरडायची की तिथे जनावर असते. विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्यात ठाणे केले. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या त्यांच्या आरमाराला जवळ रसदीचे ठिकाण हवे होते आणि आमचे बंदर त्यासाठी सोयीचे होते.

माझी शंका अशी आहे की या लोकांना स्थलांतरित म्हणायचे का? ते आले, वखार बांधली आणि शतक संपायच्या सुमाराला निघून गेले. एकाचेही आडनाव आमच्या गावात राहिले नाही.

दुर्बीण

बाय, शंका रास्त आहे. कंपनीची माणसे म्हणजे आपल्या कोकणातल्या भाषेत चाकरमानी. करार संपला की घरी परतायचे, हे ठरलेले. फक्त परतणे बहुतेकांच्या नशिबी नव्हते. कंपनीच्या जवळपास दोनशे वर्षांच्या आयुष्यात सुमारे दहा लाख माणसे तिच्या जहाजांतून आशियाकडे निघाली आणि त्यांतली जेमतेम एक तृतीयांश युरोपात परतली. काही प्रवासातच गेली, बरीचशी बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, तापाने मेली आणि काहींनी तिथल्याच बायकांशी लग्ने करून घरे थाटली. शिवाय यांतले फार मोठ्या संख्येने लोक डच नव्हतेच. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन तरुण ॲम्स्टरडॅमला येऊन कंपनीत नाव नोंदवत. त्यामुळे मी या सगळ्याला स्थलांतर न म्हणता भरती म्हणेन. पण भरतीनेही काही ठिकाणी मागे गाळ ठेवलाच.

ताकभात

‘भरती’ आणि ‘गाळ’ एकाच वाक्यात. दुर्बीणराव, या कोटीबद्दल तुम्हाला एक शहाळे.

महासरोवर

मी मिशिगन राज्यात राहते. इथे ‘हॉलंड’ याच नावाचे गाव आहे, त्यामुळे पाणकणीस यांच्या दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे थोडे उत्तर आहे. १८३४ साली नेदरलँड्समधल्या काही मंडळींनी सरकारमान्य चर्च ढिले पडले म्हणून त्यापासून फारकत घेतली. सरकारने त्यांना दंड केले, वीसपेक्षा जास्त माणसांच्या त्यांच्या प्रार्थनासभा बेकायदा ठरवल्या आणि काहींच्या घरी सैनिक पोसायला बसवले. पुढे जाच कमी झाला, पण १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि गरिबांचे ताटच रिकामे झाले. तेव्हा आल्बर्टस व्हान राल्टे नावाच्या पाद्र्याने आपली मंडळी घेऊन १८४७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन बर्फात, मिशिगनचे जंगल गाठले आणि हे गाव वसवले. त्याच वर्षी हेंड्रिक स्कोल्टे याने आयोवा राज्यात पेला वसवले. आद्य ख्रिस्ती लोकांनी ज्या पेला नगरीत आसरा घेतला असे सांगतात, तिचे ते नाव.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला मिशिगन सरोवरात ‘फिनिक्स’ नावाची आगबोट शबॉयगन गाव नजरेच्या टप्प्यात असताना पेटली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक नुकतीच आलेली डच कुटुंबे होती. महासागर पार करून आलेली माणसे उतरण्याच्या आदल्या घटकेला सरोवरात बुडाली, हे वाचताना अजूनही पोटात कालवते.

आमच्या गावात आजही चर्च, शाळा आणि महाविद्यालय या तिन्ही गोष्टी त्या पहिल्या मंडळींच्या रेषेत उभ्या आहेत. माझ्या मते हाच फरक आहे. जिथे डच माणसे अख्खी मंडळी करून, पाद्र्यासह गेली, तिथे ती पाच-सहा पिढ्या ओळखू येतात. आणि जिथे सरकारी अनुदानावर एकेकटी कुटुंबे गेली, तिथे ती दुधातल्या साखरेसारखी विरघळली. पाणकणीस, एक विचारते. तुमचे आजोबा रविवारी दोनदा चर्चला जातात का? आणि भेटल्यावर पेपरमिंटची गोळी पुढे करतात का? आमच्याकडे जुन्या डच घरांत लांबलचक प्रवचनाच्या मध्यावर ती गोळी रांगेतून फिरवण्याची पद्धत आहे.

पाणकणीस

महासरोवर, तुम्ही आमच्या गल्लीत येऊन गेलात का? आजोबा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असे दोनदा जातात. मला वाटत होते की दुसऱ्या खेपेला ते फेरफटका मारायला जातात. पेपरमिंट तर त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असते. माझ्या मुलीने त्यांचे नावच ‘गोळी आजोबा’ ठेवले आहे.

उलटतपासणी

महासरोवर यांच्या सिद्धान्ताला माझा आक्षेप आहे. आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरातली न्यू नेदरलंड ही डच वसाहत धर्मासाठी नव्हे, केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी उभी राहिली. १६२४ साली तिथे गेलेल्या पहिल्या कुटुंबांतली बरीचशी फ्रेंच बोलणारी वालून होती. १६६४ साली तिथला गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने ती वसाहत इंग्रजांच्या हवाली केली, आणि न्यू ॲम्स्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. तरीही त्यानंतर शंभरांवर वर्षे हडसन नदीच्या खोऱ्यात डच बोलली जात होती. १७८२ साली किंडरहुक गावी जन्मलेले मार्टिन व्हॅन ब्यूरन हे अमेरिकेचे आठवे अध्यक्ष, आणि इंग्रजी ही मातृभाषा नसलेले आजवरचे एकमेव अध्यक्ष. ते घरी डच बोलत वाढले. इथे कोणता पाद्री मंडळी घेऊन आला होता? न्यूयॉर्कमधले ब्रुकलिन हे नेदरलँड्समधल्या ब्रूकेलेनचे आणि हार्लेम हे तिथल्या हार्लेमचेच नाव आहे. तिथेही गावे वसवली ती शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी.

महासरोवर

तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. पाद्र्याने वसाहत वसवली नसेल, पण इंग्रज आल्यावर डच भाषा टिकवली ती चर्चनेच. न्यूयॉर्कच्या डच चर्चमध्ये इंग्रजीत नियमित प्रवचने सुरू झाली ती १७६४ साली, म्हणजे इंग्रजांनी शहर घेतल्यावर बरोबर शंभर वर्षांनी. आणि तीही जुन्या सभासदांचा मोठा विरोध पत्करून. पुढे तरुण मंडळी इंग्रजीकडे गेली आणि भाषा खेड्यांत जाऊन बसली.

उलटतपासणी

१७६४ चा मुद्दा मान्य आहे. किंडरहुकबद्दल मात्र माझे मत कायम आहे की तिथे दळणवळण कमी असल्याने भाषा टिकली. चर्चचे माप फार मोठे लावू नये.

आडवाट

या वादात मी तिसरे उदाहरण टाकतो. सोळाव्या शतकात नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात मेनो सिमोन्स नावाचा धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचे अनुयायी शस्त्र धरत नसत आणि बाल्यावस्थेतला बाप्तिस्मा मानत नसत, म्हणून त्यांचा छळ झाला. त्यांतले बरेच जण नेदरलँड्स सोडून पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीच्या मुखाशी गेले, कारण तिथली पाणथळ जमीन बांध घालून कोरडी करायला असली माणसे हवीच होती. तिथे दोनशे वर्षे काढल्यावर १७८९ पासून त्यांनी दक्षिण रशियात, आजच्या युक्रेनमध्ये, वस्ती केली. तिथे सक्तीच्या लष्करी सेवेची चिन्हे दिसू लागताच १८७४ पासून हजारो जण कॅनडातल्या मॅनिटोबात आणि अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये गेले. कॅनडाने शाळांतून इंग्रजीची सक्ती केली, तेव्हा १९२२ पासून काही मेक्सिकोत आणि १९२६-२७ च्या सुमारास काही पॅराग्वेच्या रखरखीत चाको प्रदेशात गेले.

गंमत अशी की या प्रवासात त्यांनी डच भाषा सोडली. व्हिस्तुलाकाठी बोलण्यात तिथली सखल प्रदेशाची जर्मन बोली आली आणि अठराव्या शतकात चर्चमधूनही डच गेली. आज पॅराग्वेत फ्रीसन, डाइक, यान्त्सन ही आडनावे लावणारा शेतकरी जर्मन बोली बोलतो, मुलांना स्पॅनिश शिकवतो आणि पंथ मात्र तोच पाळतो. त्यामुळे महासरोवर, धर्माने डचपण टिकत नाही. धर्माने धर्म टिकतो. भाषा त्या वेळी सोबत असली तर तीही टिकते.

ताकभात

चार शतके, पाच देश आणि एकही युद्ध नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या मंडळींपैकी कोणाला तरी अध्यक्ष म्हणून बोलवावे म्हणतो. जाता जाता एक शंका: ते पेनसिल्व्हेनियाचे घोडागाडीवाले ‘डच’ यांतलेच का?

आडवाट

नाही. पेनसिल्व्हेनियाचे ‘डच’ हे मूळचे जर्मन आणि स्विस प्रदेशांतले. पूर्वी इंग्रजीत ‘डच’ हा शब्द जर्मन भाषकांनाही लावत, तो तिथे तसाच राहिला. डच इतिहास वाचताना पन्नास टक्के वेळ हा गोंधळ निस्तरण्यात जातो.

निलगिरी

मी मेलबर्नला आहे. ऑस्ट्रेलियातल्या जनगणनेच्या आधारे मायकेल क्लाइन या भाषातज्ज्ञांनी दाखवून दिले होते की, घरातली भाषा सोडून इंग्रजीकडे वळण्यात डच मंडळी सर्वांत पुढे असणाऱ्यांत होती. नवे लोक विरघळावेत असे त्या वेळी ऑस्ट्रेलियाला वाटत होते आणि डचांनी ते काम पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे पार पाडले. मी एका वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा सेवेला जाते. तिथल्या एका डच आजींनी साठ वर्षे इंग्रजीत संसार केला, मुलांना डचचा एक शब्द शिकवला नाही आणि आता स्मृतिभ्रंश झाल्यावर त्या फक्त डच बोलतात. मुलगा भेटायला येतो, हात धरून बसतो आणि परिचारिकेला विचारतो की आई काय म्हणते आहे. त्या आश्रमात आता डच बोलणाऱ्या दोन बाया मुद्दाम ठेवल्या आहेत.

दुसरी गोष्ट श्रीलंकेची. दुर्बीण यांनी ज्या गाळाचा उल्लेख केला, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे तिथले डच बर्गर. कोलंबो १६५६ पासून १७९६ पर्यंत डचांकडे होते. कंपनीच्या नोकरांचे वंशज तिथेच राहिले आणि इंग्रजी अमलात कारकून, वकील, डॉक्टर झाले. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली, तेव्हा इंग्रजीवर जगणाऱ्या या समाजाच्या पायाखालची वाळू सरकली आणि हजारो जण ऑस्ट्रेलियात आले. त्या वेळी इथे गोऱ्यांनाच प्रवेश असल्याने त्यांना आपला युरोपीय वंश सिद्ध करावा लागे आणि जपून ठेवलेल्या वंशावळी त्यांना उपयोगी पडल्या. माझी एक सहकारी त्यांतलीच आहे. सणाला ती लंपराइस आणते. केळीच्या पानात भात, मटणाची आमटी, वांग्याची भाजी आणि ‘फ्रिकाडेल’ नावाचे खिम्याचे गोळे बांधून भाजायचे. पदार्थाचे नाव डच, गोळ्याचे नाव डच, पान आणि मसाला आपल्या बाजूचा.

वेंगुर्ल्याची बाय

निलगिरी, पाककृती वेगळ्या धाग्यात टाकावी, ही विनंती. केळीची पाने परसात आहेत.

वारा आणि पाऊस

मी नेदरलँड्समध्ये डेन हागला, म्हणजे हेगला, राहतो, त्यामुळे हा सगळा प्रकार उलट्या बाजूने पाहतो. आमच्या भागातल्या बाजारात भोजपुरीशी नाते सांगणारी सरनामी बोली ऐकू येते. इंग्रजांशी झालेल्या १६६७ च्या ब्रेडाच्या तहात दक्षिण अमेरिकेतले सुरिनाम डचांकडे राहिले आणि न्यूयॉर्क इंग्रजांकडे. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांसाठी १८७३ पासून १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय मजूर तिथे नेण्यात आले. पहिले जहाज ‘लल्ला रूख’, ते जून १८७३ मध्ये पारामारिबोला लागले. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाले आणि त्यांतल्या बऱ्याच कुटुंबांनी नेदरलँड्स गाठले.

सुरिनामची आणखी एक गोष्ट या धाग्याच्या विषयाला अगदी लागून आहे. १८४५ साली डच सरकारच्या पाठिंब्याने काहीशे डच शेतकरी तिथे सारामाक्का नदीकाठी वस्ती करायला गेले. तयार असायला हवी होती ती घरे तयार नव्हती, जमीन चिखलाची होती आणि पहिल्या वर्षातच रोगराईने निम्म्याच्या आसपास माणसे दगावली. उरलेल्यांनी पारामारिबोजवळ गाई पाळल्या आणि दूध विकले. त्यांच्या वंशजांना तिथे ‘बुरू’ म्हणतात, म्हणजे शेतकरीच. १९५० चे भाषण वाचताना मला नेहमी या लोकांची आठवण होते. पंतप्रधान ‘मागील शतकांप्रमाणे’ म्हणाले, त्या शतकांत हेही होते.

पाणकणीस, आता मुद्द्याचे विचारतो. ३१ डिसेंबरला आजोबांच्या घरातून तळणीचा वास येतो का? त्यांच्या बैठकीच्या खोलीचे पडदे संध्याकाळीही उघडे असतात का? आणि, संकोच न करता सांगा, त्यांच्या संडासात भिंतीवर वाढदिवसांचे कॅलेंडर टांगलेले आहे का?

पाणकणीस

मी थक्क झालो आहे. दर ३१ डिसेंबरला ते बेदाणे घातलेले, वर पिठीसाखर भुरभुरवलेले तळलेले गोळे ताटभर आणून देतात. आम्ही आजवर त्याला डोनट समजत होतो. आमच्या आईने मात्र ‘हे तर गुलगुले’ असे पहिल्याच घासाला सांगितले होते. पडदे उघडे असतात. कॅलेंडर पाहायला आज मुद्दाम गेलो. कमोडसमोर, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असे आहे, त्याच्यावर वार नाहीत, फक्त तारखा आहेत आणि माझ्या मुलीचे नाव ९ मार्चला लिहिलेले आहे.

वारा आणि पाऊस

त्या गोळ्यांना ओलीबोलन म्हणतात. कॅलेंडरवर नाव चढले म्हणजे तुम्ही घरातले झालात. डचांची गल्ली शोधण्यात चौदा वर्षे घालवलीत, ती संडासात होती.

मानशीवरचा

माझे गाव गोव्यात मांडवीकाठी आहे. आडवाट यांच्या लिखाणातले पाणथळ जमिनीचे सूत्र कोणी पुढे नेले नाही, म्हणून लिहितो. आमच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, बांध घालून खाऱ्या पाण्याला अडवतात आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून भरती-ओहोटीच्या हिशेबाने पाणी सोडतात. डचांचे पोल्डर हे याच जातीचे काम आहे, फक्त पवनचक्की लावून मोठ्या प्रमाणावर केलेले. हे कसब अंगात असलेला माणूस कोरड्या, चांगल्या जमिनीसाठी दुसऱ्याशी भांडत बसत नाही. इतरांनी टाकून दिलेली दलदल मागून घेतो. पाणकणीस यांच्या जवळच ‘हॉलंड मार्श’ नावाची दलदल आहे ना? ते नाव डचांवरूनच पडले असणार.

पाणकणीस

आजोबांचा पेटारा त्याच दलदलीजवळ उतरला होता. १९३४ साली काही डच कुटुंबांनी तिथे शेते धरली, आणि आज तिथल्या काळ्याभोर मातीत गाजर आणि कांदा पिकतो; त्या पेटाऱ्यातला कांदाही तिथलाच. नावाचा मात्र घोळ आहे. ‘हॉलंड’ हे त्या देशाचे नाव नसून सॅम्युअल हॉलंड या अठराव्या शतकातल्या सर्वेक्षकाचे आडनाव आहे. हा हॉलंड ब्रिटिशांच्या नोकरीत होता आणि जन्माने डच होता.

ताकभात

म्हणजे नाव डचांवरून पडलेले नाही, पण डचावरून पडलेले आहे. मी थोडे पाणी पिऊन येतो.

उलटतपासणी

चर्चा छान चालली आहे, पण मूळ प्रश्न ‘का निघाली’ हा होता आणि त्याचे उत्तर आपण दुर्बीण यांच्या आकड्यांवर सोडून दिले. आजोबांना कोणी विचारले आहे का?

पाणकणीस

विचारले. काल दुपारी सुतारपक्षी यांच्यासाठी मापे घ्यायला टेप घेऊन गेलो होतो, तेव्हा आजोबा खुर्ची टाकून शेजारी बसले. त्यांचे घर फ्रीसलंडमध्ये होते, वडील दुसऱ्याच्या शेतावर गाई सांभाळत आणि चार मुलगे, चार मुली होत्या. वडील स्वतः जायला नाखूश होते. आईने हट्ट धरला, कारण धन्याने मोठ्या मुलाला बाराव्या वर्षीच गोठ्यात कामाला मागितले होते, आणि हा मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्याच गाईंचे दूध काढील हे तिला दिसले. चर्चमधल्या एका गृहस्थांनी कॅनडातल्या शेतकऱ्याची हमी मिळवून दिली. पहिला हिवाळा त्या शेतकऱ्याच्या रिकाम्या कोंबड्यांच्या खुराड्यात काढला. तिथली कापडाने बुजवलेली फट कोणत्या भिंतीत होती, हे आजोबांनी मला हाताने दाखवले.

सुतारपक्षी, लाकूड पाइनचे आहे आणि सगळे सांधे स्क्रूचे आहेत. लांबी ३ मीटर १० सेंटीमीटर, रुंदी २ मीटर, उंची २ मीटर ५ सेंटीमीटर. झाकणाच्या आतल्या बाजूला आईने पेन्सिलीने केलेली सामानाची यादी निघाली. आम्ही विजेरी धरली आणि आजोबा वाचत गेले: शिलाई मशीन, चार गाद्या, चूल, दोन सायकली, लाकडी बूट आठ जोड, दूध गाळायच्या चाळण्या, एक बायबल, पडदे. एका शब्दाशी ते अडले. घरी फ्रीसियन बोलत आणि डच फक्त शाळेत व चर्चमध्ये, असे सांगून त्यांनी आल्बर्टात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. तिने तो शब्द ऐकताच हसायला सुरुवात केली. ते कपडे पिळायचे यंत्र होते आणि त्याच्या रुळांत तिची करंगळी दोनदा सापडली होती.

सुतारपक्षी

धन्यवाद. सांधे स्क्रूचे आहेत म्हणजे उघडून फळ्या पुन्हा वापरायचा विचार पहिल्यापासून होता. तळाच्या फळ्या उपटून कुठे लावल्या आहेत का, हे पाहावे. अशा पेटाऱ्यांचा तळ बहुधा कोणाच्या तरी घराच्या जमिनीत गेलेला असतो.

पाणकणीस

तळ नाहीच आहे. पेटारा थेट गॅरेजच्या काँक्रीटवर बसवला आहे. आजोबांना विचारून सांगतो.